राखीव एकशे चार

परबांच्या गाडीत बसायचं तर आधी काट्यावर उभं राहावं लागतं. पाहुणा असो, आमचे चेअरमन असोत, नाहीतर त्यांची स्वतःची बायको. पिकअपच्या दाराजवळ जमिनीवर वजनकाटा आणि शेजारी हातात खडू घेतलेले परब. पहिल्यांदा मी सवयीने चप्पल काढली, तर म्हणाले, "घाला, घाला. चप्पल काय मागून चालत येणार आहे?"

मी आमच्या मुलुंडच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. परबांशी माझी ओळख झाली ती तक्रारीमुळे. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये कुणीतरी खोली आणून ठेवलीय, असा फोन आला. खाली जाऊन बघते तर खरंच खोली. दोन चाकांवर. पांढरी, फुलाफुलांचे पडदे, आत दोन माणसांपुरता पलंग, गॅसची शेगडी, एवढंसं बेसिन. रिटायर झाल्यावर परबांनी ही कॅरॅव्हॅन एका वर्कशॉपमध्ये उभं राहून बनवून घेतली होती. पिकअपच्या मागे अडकवायची आणि सुमनवहिनींना घेऊन निघायचं, कधी गोराई, कधी थेट मालवणजवळचं गाव. मी ती पाण्याच्या टाकीमागे हलवायला लावली. तक्रार मिटली. माझी उत्सुकता मात्र मिटली नाही.

परबांचा सगळा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेला. लिफ्टमध्ये पाटी असते ना, आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो? म्हणजे माणशी अडुसष्ट. परबांच्या लेखी देवाने माणूस अडुसष्ट किलोचाच केला, पुढचं सगळं ज्याचं त्याने केलं. आमचे चेअरमन दीड माणूस. मी एक माणूस आणि सात लिटर दूध. हे ते लिफ्टमध्ये, चारचौघांत सांगतात.

"काटा बिघडलाय तुमचा," मी म्हटलं.

परब शांतपणे वर गेले, पाच-पाच किलोच्या आट्याच्या दोन पिशव्या घेऊन आले आणि काट्यावर ठेवल्या. दहा.

"वहिनी, माणूस श्वास रोखतो, पोट आत घेतो. काटा ऐकत नाही."

एकदा ते गावाला निघाले होते. कणकवलीला बहिणीकडे द्यायला म्हणून मी दोन किलो आवळे घेऊन गेले. घेईनात.

"अहो, तुमची गाडी एवढी मोठी खोली ओढते. तिला दोन किलो आवळे जड होणार?"

"ओढणं वेगळं, पेलणं वेगळं," परब म्हणाले. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. यानंतर अर्धा तास काढून ठेवावा लागतो.

मला समजलं ते असं. मागची खोली आपल्या चाकांवर उभी असते, ती गाडीने फक्त ओढायची. पण खोलीचं नाक गाडीच्या हुकावर टेकलेलं असतं. त्या नाकाचं ओझं गाडीच्या पाठीवर. वर माणसं, हत्यारांची पेटी, टपावरचा कॅरियर, पुढचं लोखंडी गार्ड, सगळं त्याच पाठीवर. गाडी अमुक टन ओढते म्हणून लोक खूश होतात आणि पाठीला किती झेपतं ते बघतच नाहीत. मग मागचे टायर बसतात, पुढची चाकं हलकी होतात, घाटात ब्रेक लागत नाही.

"पण दारावर लिहिलंय ना किती झेपतं ते?"

"ते गाडी कंपनीतून निघाली तेव्हाचं. लग्नातला सूट बघून आज कुणी शर्ट शिवतं का?"

म्हणून प्रत्येक सफरीआधी ते गाडी पूर्ण भरून चेकनाक्याजवळच्या मोठ्या काट्यावर नेतात. पुढे डेब्रिजचा डंपर, मागे भंगाराचा ट्रक, मध्ये फुलाफुलांचे पडदे आणि पुढच्या सीटवर मटार सोलत बसलेल्या सुमनवहिनी. काटेवाल्याने एकदा विचारलं, "साब, माल क्या है?"

"संसार," परब म्हणाले. त्याने तसंच लिहिलं.

सुमनवहिनी हे सगळं हसण्यावारी नेतात. "पाण्याची बाटली जड वाटली म्हणून मी गाडीत बसून पिऊन टाकली," त्या मला सांगत होत्या. "तर म्हणतात, आता ती तुझ्यात आहे, गाडीतून कुठे गेली?"

तर आवळे. खोलीच्या दाराआड एक काळी पाटी टांगलेली असते. तीवर खडूने हिशेब: मी, सुमन, नाकाचं ओझं, गॅस, पाणी, पेटी. परबांनी ती मला पुराव्यादाखल दाखवली. मी सेक्रेटरी आहे, मला बेरजेच्या खाली बघायची सवय. शेवटची ओळ खडूची नव्हती. पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेली होती. राखीव १०४.

"हे काय? एवढी जागा आहे की! माझे आवळे दोनच किलो आहेत."

"ते राखीव आहे."

"कशासाठी?"

"सेफ्टी."

"मग शंभर ठेवा. एकशे चार कशाला?"

परबांनी पाटी उलटी केली. मी आवळे घरी आणले, मुरांबा केला. पण आकडा डोक्यातून जाईना. अर्धा किलो सोडणारा माणूस नाही हा, आणि दर वेळी एकशे चार किलो रिकामे घेऊन फिरतो?

शेवटी वहिनींनाच विचारलं. त्या माझ्याकडे नारळ खवायला बसल्या होत्या.

"दत्ताभाऊजी," त्या म्हणाल्या. "ह्यांचा धाकटा भाऊ. कांदिवलीला असतो."

अकरा वर्षांपूर्वी सगळे जीपने गणपतीला निघाले होते. पनवेलच्या पुढे परबांना मागचे टायर बसलेले दिसले. गाडी थांबवली. सामान काढायला गणपतीच्या मूर्तीच्या पेटीशिवाय काही नव्हतं. मग त्यांनी माणसं मोजली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दत्ता, तू उतर. तू एकशे चार आहेस."

दत्ताभाऊ उतरले. एसटी मिळून, गाड्या बदलून गावच्या घरी पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. परबांच्या घरी मूर्ती उंबऱ्यातून आत नेण्याचा मान लहानपणापासून दत्ताभाऊंचा. त्या वर्षी पूजा आटोपली होती, जेवणंही झाली होती. ते अंगणातूनच परत फिरले. तेव्हापासून भावाशी शब्द नाही.

"चूक झाली असं म्हणाले का परब कधी?" मी विचारलं.

"छे! गणित बरोबरच होतं म्हणतात," वहिनी म्हणाल्या. "पण ही गाडी घेतली त्याच दिवशी ती ओळ रंगवली."

यंदा गणपतीच्या आधी वहिनी धावत वर आल्या. दत्ताभाऊ येतो म्हणाले होते. वर्षभर आजारी होते, आता बरे आहेत, आणि वहिनी दर वर्षी करतात त्या फोनला या वेळी हो म्हणाले. परबांनी टपावरचा कॅरियर आणि पुढचं लोखंडी गार्ड उतरवून ठेवलं, म्हणून मलाही कणकवलीपर्यंत जागा मिळाली. सामान दहा किलो, वर एक ग्रॅम नाही. बहिणीला मिक्सर हवा होता, साडेपाच किलोचा. परब नाही म्हणाले. "राखीव आता भरलं, वहिनी." मी तरीही मिक्सर पिशवीत घालून खाली नेला. बघू म्हटलं.

सकाळी सहाला परब गेटपाशी उभे. शर्टाला इस्त्री. वहिनींनी दम दिल्यामुळे काटा खोलीत पलंगाखाली ढकललेला. मी त्यांच्या गाडीत काट्याशिवाय पहिल्यांदाच बसणार होते.

रिक्षा आली. उतरलेल्या माणसाला मी आधी ओळखलंच नाही, कारण मी एकशे चार किलोची वाट बघत होते. उतरला तो एक सडपातळ, पांढऱ्या केसांचा माणूस. शर्ट जुन्या मापाचा, खांद्यावरून ओघळणारा.

दत्ताभाऊंनी गाडीला चक्कर मारली, वाकून मागचे टायर बघितले.

"दादा, काटो खंय आसा?"

"नको रे. बस तू."

"काटो काढ. परत मधेच उतरूचा नाय माका."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जाऊ दे ना." पण ते हलेनात. शेवटी परबांनीच पलंगाखालून काटा ओढून आणला. दत्ताभाऊ चपलांसकट चढले. मी परबांच्या शेजारीच होते. लाल आकडे फिरले आणि थांबले. अडुसष्ट. बरोब्बर एक माणूस.

माझ्या डोक्यात आधी मिक्सर आला, खोटं कशाला बोलू? छत्तीस किलो मोकळे झाले होते.

"किती भरलंय?" दत्ताभाऊंनी विचारलं. त्यांचा चष्मा खिशात होता.

परब आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकशे चार. काय बदलूक नाय तू."

दत्ताभाऊंनी भावाकडे बघितलं. मग त्यांनी आपल्या ढगळ शर्टाकडे बघितलं.

"दादा, काटो बिघडलो तुझो."

"बिघडलो आसात," परब म्हणाले.

आणि काटा पायाने गाडीखाली सरकवला.

वहिनी माझ्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "अहो, ह्यांचा मिक्सर..."

"जागा नाही," परब म्हणाले. "पाटीवर लिहिलंय."

मी वाद घातला नाही. मिक्सर घेऊन लिफ्टने वर गेले, ओट्यावर ठेवला आणि परत खाली आले. गणपतीची पेटी तोपर्यंत दत्ताभाऊंच्या मांडीवर होती.