सासूबाईंचा मोठ्यानं विचार

गप्प बसण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या टास्मानियात सापडणार नाही, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. सांगत असे म्हणजे तासन्‌तास सांगत असे. होबार्टमधल्या एका छोट्या संस्थेत मी व्हिडिओ गेम्सवर संशोधन करतो. "म्हणजे दिवसभर गेम खेळतोस आणि वर पगार घेतोस?" असं मला आजवर न्हाव्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. दंतवैद्यानं तर तोंडात हत्यार घालून विचारलं, त्यामुळे उत्तरही देता आलं नाही. तर नाही, मी खेळत नाही. लोक खेळतात आणि मी त्यांच्या मागं बसून बघतो.

आमची पद्धत अशी. खेळणाऱ्यानं खेळताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. "आता दार उघडते, आत अंधार आहे, भीती वाटतेय," असं. संशोधकानं मागं बसून ऐकायचं. हसायचं नाही, हुंकार भरायचा नाही, खेळणारा खड्ड्याच्या दिशेनं निघाला तरी "अहो, खड्डा" म्हणायचं नाही. तो गप्प झालाच तर दोनच शब्द बोलायची मुभा: "बोलत राहा." तिसरा शब्द तोंडातून गेला की सगळं मुसळ केरात. आणि गंमत अशी की माणसं गप्पच होतात. पाठीमागं कोणीतरी वही घेऊन बसलंय म्हटल्यावर भल्याभल्यांची वाचा बसते. त्यातही म्हातारी माणसं जास्त, आणि माझा विषय नेमका म्हातारी माणसं हाच आहे.

तरी मी कधी नियम मोडला नव्हता. एका आजोबांनी अर्धा तास गेममधल्या भिंतीवर डोकं आपटत काढला, पण मी हूं की चूं केलं नाही. 'संशोधकाचं मौन' या विषयावर मी परिषदेत भाषणही दिलंय. वेळ संपल्याची घंटा मला ऐकूच आली नाही, तेव्हा दोघांनी धरून खाली बसवलं.

तर माझं कंत्राट डिसेंबरात संपत होतं आणि संस्थेत कायमची जागा एकच होती. ती कोणाला द्यायची हे आमच्या विभागप्रमुख एव्हरिलबाईंच्या हातात. बाईंनी मला बोलावून घेतलं.

"लेस्टर, तुमच्या मौनाबद्दल फार ऐकलंय. तुमच्याच तोंडून. गुरुवारी मी स्वतः येऊन बसते. एक सत्र बघते, मग ठरवू."

"या ना! डोळे झाकून या," मी म्हणालो. घरी येऊन रोवेनाला, म्हणजे बायकोला, सांगितलं की जागा खिशात आहे.

"आणि नाही मिळाली तर?" रोवेना म्हणाली. "तर आपण सोरेलला आईकडे राहायला जाऊ. तिची शिवणाची खोली आहे रिकामी."

माझ्या सासूबाई, नोरीन, स्वभावानं वाईट नाहीत. पण त्यांच्या शिवणाच्या खोलीत, त्यांच्या टेबलावर जेवून, त्यांच्या हाताखाली दिवस काढायचे या कल्पनेनंच मला घाम फुटला. आता जागा मिळवायचीच, असं मी मनाशी पक्कं केलं.

बुधवारी सकाळी मर्व्हचा फोन आला. गुरुवारी खेळायला बसणार होते ते हे मर्व्ह आजोबा.

"लेस्टर, उद्या जमायचं नाही रे. हवा मस्त आहे. स्कॅलप धरायची परवानगी सुरू झालीय, मी बोट काढतोय."

"अहो, पण माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"तुझा गेम पुढच्या आठवड्यातही तिथंच असेल. शिंपले थांबतात होय?"

मी दिवसभर फोन केले. सगळे म्हातारे बोटीत होते आणि म्हाताऱ्या जाळी सोडवत होत्या.

"आईला ने," रोवेना म्हणाली.

"नात्यातलं माणूस चालत नाही. नियम आहे."

"मग ओळख दाखवू नकोस. आणि ती गप्प बसेल अशी तरी भीती नाही ना?"

ती भीती अजिबात नव्हती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला ओंडका मिळाला होता. फक्त तो कुठं वाहत नेईल हे मी विचारलं नाही. संध्याकाळी नोरीनना जेवायला बोलावलं आणि सगळी पद्धत समजावली. मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं, काही लपवायचं नाही, आणि मला ओळखत नाही असं दाखवायचं.

"एवढंच?" नोरीन म्हणाल्या. "यासाठी तुला पगार देतात?"

"जरा सराव करू या. जेवताना करून बघा."

नोरीननी काटा उचलला. "आता मी बटाटा घेतेय. बटाटा कच्चा आहे. रोवेनाला स्वयंपाक कधी जमलाच नाही, हे मी लग्नाआधी लेस्टरच्या आईला सांगायला हवं होतं. आता लेस्टर माझ्याकडे बघतोय. त्याच्या हनुवटीला रस्सा लागलाय. सांगावं का? नको, वाईट वाटेल."

रोवेना उठून स्वयंपाकघरात गेली. मी मात्र खूश! इतकं सलग बोलणारं माणूस मला कारकिर्दीत भेटलं नव्हतं.

गुरुवारी नोरीन ठरल्या वेळी खोलीत आल्या. अंगावर ठेवणीतला कोट, हातात डबा. एव्हरिलबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"या सहभागी क्रमांक सात," मी म्हणालो. आमच्याकडे कोणाचं नाव घेत नाहीत, नुसता क्रमांक.

नोरीननी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे कोण गृहस्थ? मी यांना जन्मात पाहिलेलं नाही," त्या गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं म्हणाल्या. मग डबा माझ्या हातात दिला. "ही स्कॅलपची पेस्ट्री घ्या, अनोळखी गृहस्थ. तुम्हाला कांदा सोसत नाही म्हणून बिनकांद्याची केलीय."

एव्हरिलबाईंनी भुवई वर केली. "यांना कांदा सोसत नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

"चेहऱ्यावरून," नोरीन म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

गेम अगदी सोपा होता. एक शेतकरी निवडायचा, कोंबड्या पाळायच्या, संध्याकाळ झाली की खुराड्याचं फाटक लावायचं. नोरीननी कंट्रोलर हातात घेतला आणि बोलायला सुरुवात केली.

"आता शेतकरी निवडते. हा नको, फार देखणा आहे, काम करणार नाही. हा बरा. खांदे पडलेले, केस मागं गेलेले. अगदी माझ्या जावयासारखा दिसतोय."

एव्हरिलबाई हसल्या. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो.

"जावयासारखाच आहे, म्हणजे याला कोंबडी धरता येणार नाही. जावई माझा वर्षानुवर्षं लोकांचे गेम बघतो. पण स्वतःला एक कोंबडी वाचवता येते का, विचारा. घरात कधी बल्ब बदलत नाही. म्हणतो, मी फक्त निरीक्षण करतो."

इथं नोरीन थांबल्या. त्यांनी थांबावं यासाठी मी मनातल्या मनात देवाचा धावा केला होता. पण खोलीत शांतता पसरली आणि एव्हरिलबाई माझ्याकडे बघायला लागल्या. नियम म्हणजे नियम. ते दोन शब्द मी उच्चारले.

"बोलत राहा."

"बरं," नोरीन म्हणाल्या. "आता वाटेत हे काय आडवं आलंय? वॉम्बॅट! केवढं लठ्ठ जनावर, हलत नाहीये. अगं बाई, ही तर जावयाची साहेबीण. तो घरी तिला वॉम्बॅटच म्हणतो. दारात बसली की स्वतः हलत नाही आणि दुसऱ्याला आत जाऊ देत नाही म्हणे."

एव्हरिलबाईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्या वहीत भराभरा लिहीत होत्या. "बिचारी साहेबीण," त्या पुटपुटल्या. मला खुर्चीतून उठून सरळ डर्वेंट नदीत उडी मारावीशी वाटली. पण उठलं तरी सत्रात व्यत्यय येतो, आणि तेही मीच भाषणात सांगितलं होतं.

नोरीननी वॉम्बॅटला वळसा घातला, कोंबड्यांना दाणे टाकले. आवाज जरा खाली आला.

"आज जावयाचं काहीतरी महत्त्वाचं आहे. नोकरीचं. गेली नोकरी तर माझ्या शिवणाच्या खोलीत येऊन राहणार दोघं. मला नकोय. मला ती खोली हवीय. पण खोलीसाठीच असंही नाही. पोरगा कष्टाळू आहे. कोणाचं वाईट करत नाही. त्याला कोणी चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि मी पण कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या वर्षांत नोरीननी मला असं काही म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणत होत्या ते मला ओळखत नसताना. मी मान खाली घातली. एव्हरिलबाईही लिहायच्या थांबल्या होत्या.

आणि तेवढ्यात पडद्यावर संध्याकाळ झाली. खुराड्याचं फाटक सताड उघडं! झुडपातून टास्मानियन डेव्हिल, ते कोंबड्याखाऊ काळं जनावर, दात विचकत बाहेर आलं. नोरीन भलतंच बटण दाबत होत्या. शेतकरी फाटक लावायचं सोडून उड्या मारत होता.

टोमणे मी गिळले होते. वॉम्बॅट गिळला होता. आजोबांनी अर्धा तास डोकं आपटलं तेही गिळलं होतं. पण त्या कोंबड्या!

"डावं बटण!" मी ओरडलो. "नोरीन, डावं! फाटक लावा!"

"आला मोठा शहाणा!" नोरीन मागं न बघता कडाडल्या. "घरी कधी जेवणाचं ताट उचलत नाहीस, आणि इथं मला डावं-उजवं शिकवतोस, लेस्टर?"

डेव्हिलनं सगळ्या कोंबड्या खाल्ल्या. एव्हरिलबाईंनी आधी नोरीनकडे पाहिलं, मग माझ्या पडलेल्या खांद्यांकडे, मग माझ्या मागं गेलेल्या केसांकडे. मग स्वतःच्या वहीत खाली बघून मघाशी लिहिलेलं पुन्हा वाचलं.

"वॉम्बॅट," त्या म्हणाल्या.

आता मला वाटेल ते बोलायची मोकळीक होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. नोरीननी मात्र कंट्रोलर खाली ठेवला नव्हता, त्यामुळे त्यांच्या मते सत्र चालूच होतं.

"आता मला वाटतंय की मी काहीतरी चुकीचं बोलले. ही बाई लाल झालीय. लेस्टर पांढरा पडलाय. वॉम्बॅट तसं गुणी जनावर आहे, हे सांगावं का? पण याचा काही उपयोग होईल असं वाटत नाही."

"नोरीन, बास करा हो," मी कसाबसा म्हणालो.

एव्हरिलबाईंनी वही मिटली. "लेस्टर, हे सत्र बाद. तुम्ही नियम मोडलात. एक नाही, सगळेच. कायमची जागा तुम्हाला मिळणार नाही, हे आत्ताच सांगते."

मी मान हलवली. डोळ्यांसमोर शिवणाची खोली उभी राहिली. बाई नोरीनकडे वळल्या.

"पण तुम्ही, बाई... आमच्याकडे येणारी माणसं तोंड उघडत नाहीत. तुमच्यासारखं कोणी त्यांच्याजवळ बसून त्यांना बोलतं केलं तर आमचं काम होईल. नोकरी म्हणून याल का? नीट पगारी."

नोरीननी विचार केला. अर्थात मोठ्यानं. "मला गाडी येत नाही. सोरेलहून इथं आणायला-न्यायला लेस्टर लागेल. लेस्टरला नोकरी नसेल तर तो इकडे येणारच नाही. तो घरी बसेल, म्हणजे माझ्या घरी. मग मी शिवण कुठं करू? म्हणजे याला ठेवणार असाल तर येते."

एव्हरिलबाईंनी वही पुन्हा उघडली. शेवटी मला एका वर्षाची मुदतवाढ मिळाली. नोरीनच्या नेमणुकीला मुदतच नाही.

आता आठवड्यातून दोनदा मी सकाळी सोरेलला जातो, नोरीनना गाडीत घालतो आणि कामावर आणतो. तिथं त्या म्हाताऱ्यांना पटापट बोलतं करतात, आणि मी मागं बसून उतरवून घेतो. शनिवारी बोलिंग क्लबातही मीच सोडतो, तिथं त्या मैत्रिणींना सांगतात, "जावयाला मीच चिकटवलं नोकरीला." बायका माझ्याकडे बघतात. ते खोटं आहे असं म्हणायची माझी फार इच्छा असते, पण पुढची मुदतवाढ डिसेंबरात आहे.