शेवंतीचा काटा आणि कोळशाचा बिल्ला

एका जंगलात, बाळांनो, सगळं नियमाने चालायचं. वाघ नियमाने गुरगुरायचा, हरणं नियमाने पळायची. कोणी कोणाला खाल्लं याचीही नीट नोंद असायची. मला असं जंगल फार आवडतं.

जंगलाच्या वेशीवर कुत्री राखण करत. एका साली हगवणीची साथ आली आणि निम्मी कुत्री गेली. तेव्हा साळिंदरवैद्यांनी आपल्या काट्याला औषध लावून उरलेल्यांना टोचलं. औषध खरंच गुणाचं होतं. साथ थांबली. मग नियम झाला, की दर कुत्र्याला दरवर्षी टोचायचं आणि गळ्यात तांब्याचा बिल्ला बांधायचा. बिल्ल्यावर लिहिलेलं असे, 'सुरक्षित'.

तिथे शेवंती नावाची एक म्हातारी कुत्री होती. सात वर्षांत तिने सात काटे टोचून घेतले होते. अलीकडे काटा टोचला की तिचं तोंड सुजायचं आणि महिनाभर तिला उठवत नसे. गेल्या खेपेला तर ती जाता जाता राहिली. मरायला तिची हरकत नव्हती. पण उतारवयात झालेला तिचा लेक कोळशा अजून वर्षाचाही नव्हता. त्याला एकटं टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

आठव्या काट्याची तारीख आली, तेव्हा ती कारकून मुंगूसरावांकडे गेली. म्हणाली, आधीचं औषध अंगात शिल्लक आहे का ते एकदा बघा, आणि मग टोचा. मुंगूसरावांनी नियम चाळले. बघायला कुठेच मनाई नव्हती.

रक्ताची पारख जळूबाईंइतकी कोणाला नव्हती. त्यांनी शेवंतीचा एक थेंब चाखला. आईला धीर यावा म्हणून कोळशानेही आपला पाय पुढे केला. त्याचाही थेंब त्यांनी चाखला.

"शेवंतीबाई, तुमच्या रक्तात ताकद भरपूर आहे. तुम्हाला एवढ्यात काट्याची गरज नाही," त्या म्हणाल्या. "लेकाच्या रक्तात मात्र काहीच नाही. दूध पीत होता तेव्हा टोचलं ना? तुमच्या दुधातल्या ताकदीनेच ते औषध जिरवून टाकलं. त्याला पुन्हा टोचा. आजच."

शेवंती आपलं दुखणं विसरली. "मुंगूसराव, माझ्या वाट्याचा काटा माझ्या लेकाला द्या."

मुंगूसराव स्वभावाने मायाळू होते. त्यांनी वही तिच्यापुढे धरली.

"त्याच्या गळ्यात बिल्ला आहे, बाई. सुरक्षित असलेल्याला टोचलं तर बिल्ला खोटा ठरेल. तुमचा बिल्ला मात्र आज संपतोय."

"पण जळूबाई म्हणाल्या ना..."

"ऐकलं मी. तुमच्या अंगात ताकद भरपूर आहे. म्हणजे काटा सोसेल तुम्हाला."

शेवंतीला टोचलं. नवा बिल्ला बांधला. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे सुजून मिटले. कोळशा आईला चाटून, तिच्याऐवजी वेशीवर राखणीला गेला.

आठव्या दिवशी साथ वेशीवर आली. कोळशा दोन दिवस भुंकत होता. तिसऱ्या दिवशी भुंकणं थांबलं. शेवंती सरपटत, वास घेत त्याच्यापर्यंत पोचली. तिला काही दिसत नव्हतं. जिभेला फक्त तांब्याची चव लागली. मला इथे फार वाईट वाटतं, पण गोष्ट पुरी करायला हवी.

मुंगूसराव चौकशीला आले. त्यांनी कोळशाचा बिल्ला पुसला आणि तारीख पाहिली. मुदत संपायला अजून दीड महिना होता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वहीत नोंद झाली : 'सुरक्षित असताना मृत्यू.'

शेवंती मात्र जगली. जळूबाईंची पारख अगदी बरोबर होती.

तात्पर्य : साथीच्या रोगाला वाचता येत नाही. म्हणून पुढच्या वर्षीपासून बिल्ल्यावरची अक्षरं मोठी काढावीत.