हिरामण काकाजींची चुसनी

साठी उलटलेला माणूस काळ्या दोऱ्यात लहान मुलाची चुसनी ओवून, ती गळ्यात घालून फुलचूरच्या रस्त्याने भाजी आणायला निघाला, तर लोक बघणारच. हिरामण काकाजी बघू देत. भाजीवाली हसली तरी ते चुसनी शर्टाच्या आत लपवत नसत. उलट बाहेर काढून, धोतराच्या सोग्याला पुसून तिला दाखवत. "मुरून राहिली, बाई. दुकानाचा वास जावा लागते."

त्यामागचं शास्त्र असं. नातू सम्यक अजून पाच महिन्यांचाही झाला नव्हता आणि तोंडात घातलेली प्रत्येक चुसनी थुंकून टाकत होता. का थुंकतो? तर तिला रबराचा, दुकानाचा, परक्या माणसाचा वास येतो. म्हणून ती घरच्या माणसाच्या अंगावर मुरू द्यायची. मुरली की काकाजी ती उकळत, कारण जंतू. उकळली की मुरलेला वास जाई. मग पुन्हा गळ्यात.

मी शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होते, आणि नेमकं माझं काम बाटली-चुसनीच्या विरोधात पर्चे वाटण्याचं होतं. आमची चार-पाच जणांची मंडळी होती. 'बाटली म्हणजे जुलाबाला घरचं निमंत्रण', 'चुसनी म्हणजे भुकेल्या लेकराची फसवणूक' ही वाक्यं माझीच. बाजारात, दवाखान्यांच्या दारात, बसस्टँडवर मी ती वाटली. लोक हातात घेत, वळून चार पावलांवर त्यात भजी बांधत. खरं सांगते, त्या वर्षी मी थकले होते. ओरडून थकणं वेगळं आणि आपलं ओरडणं पाठ झाल्यामुळे थकणं वेगळं. मला दुसरं झालं होतं.

काकाजी माझा प्रत्येक पर्चा मात्र वाचत. चष्मा लावून, बोट फिरवत, शेवटच्या ओळीपर्यंत. मग घडी घालत आणि म्हणत, "बरोबर लिवलं वं, पर्चेवाली. पण कागदाले भूक लागते का?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वीजबिल, लग्नपत्रिका, माझा पर्चा, सगळ्यांना तोच प्रश्न.

काकाजी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. नोकरी संपली तरी त्यांच्या डोक्यातला दवाखाना उघडाच राहिला. मला ताप आला तेव्हा त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि गंभीरपणे सांगितलं, "रवंथ बंद हाये." सून प्रज्ञा पोटुशी असताना आलेल्या पाहुण्यांना ते "आमची सुनबाई गाभण हाये" असं कौतुकाने सांगत, आणि प्रज्ञा आतून ओरडे, "मामाजी! माणसांत बोला ना जरा!"

"माणसातच बोलून राहिलो. म्हशीले सांगतो का?"

एक गोष्ट मात्र त्यांना जमत नसे. बस. फुलचूरहून गोंदियाचा बाजार ते सायकलने करत, नातेवाइकांची लग्नं सायकलने जमली तर करत, नाहीतर बुडवत. मुलगा सिद्धार्थ रायपूरला कंपनीत होता. तो दर वेळी म्हणे, बाबा, चला माझ्यासोबत. उत्तर ठरलेलं, "मले गाडी लागते." स्टँडवरून बस हलायच्या आधीच त्यांना उलटी होते अशी त्यांची ख्याती होती. बायको गयाबाई जाऊन काही वर्षं झाली होती. घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली तिचा एक फोटो होता, त्यावरची धूळ काकाजी रोज स्वतः पुसत.

तर या घरात बाटली आली ती अशी. प्रज्ञाने डी.एड. करून कितीतरी वाट पाहिली होती, आणि सम्यक जेमतेम मान धरायला लागला तेव्हा तिला चोरखमाऱ्याकडच्या एका गावात शाळेचा हुकूम आला. येत्या सोमवारी रुजू व्हा. लेकरू वर्गात आणलेलं चालणार नाही, असं तिथल्या सरांनी फोनवर आधीच बजावलं.

माझं रक्त उकळलं. सहा महिने निव्वळ आईचं दूध, हे आम्ही भिंतीभिंतीवर लिहायचं. आणि त्या सहा महिन्यांत आई कुठे असेल, हे विचारायला एकाही भिंतीला तोंड नाही. ना रजा, ना पाळणाघर, ना शाळेत एक आडोसा. पण राग करून सम्यकचं पोट भरणार नव्हतं. त्याने आईखेरीज दुसरं काही तोंडात घेतलं तरच ती नोकरी होती.

"नाही घेतलं त्यानं, तर मी जात नाही," प्रज्ञाने सांगून टाकलं.

"जाशीन," काकाजी म्हणाले. "आपल्या घरातली पयली मास्तरीण होऊन राहिली तू. आन् हे एवढंसं पिल्लू अडवते का तुले?"

त्यांनी मला बाजारात सोबत नेलं. बाटलीच्या दुकानात मला नेणं म्हणजे दारूबंदीवालीला गुत्त्यात नेणं. पण मी गेले, निदान वाटीचमच्याचा आग्रह तरी धरता येईल म्हणून. काकाजींनी सगळी निपलं काउंटरवर मांडायला लावली आणि एकेक स्वतःच्या तोंडात धरून ओढून पाहायला लागले.

"चाचा, मुँह में मत लो! बेचना है मेरे को!" दुकानदार किंचाळला.

"तो बच्चा काय कान में डालेगा क्या?" काकाजींनी विचारलं आणि पुढचं निपल उचललं.

तोंडाला लावलेली सगळी निपलं विकत घ्यावी लागली. मी हातातला पर्चा दुकानदाराला दिला. त्याने त्यात निपलं बांधून दिली.

सम्यकने पहिली बाटली जिभेने ढकलली, दुसरीला हिरड्यांनी चावलं, तिसरी दिसताच तोंड मिटलं. मग काकाजींनी दवाखान्यातली युक्ती काढली. वासराला बादलीतून प्यायला शिकवताना बोट दुधात बुडवून त्याच्या तोंडात देतात, वासरू बोट चोखतं आणि तसंच हळूहळू तोंड बादलीत नेतात. सम्यकने बोट आनंदाने चोखलं. बोटाजागी निपल आलं की तो काकाजींकडे असा पाहायचा की जणू त्यांनी त्याची जमीन लाटली.

"हुशार हाये," काकाजी खूष होऊन म्हणाले. "वासरू फसते. हे नाही फसत."

"फसायला नकोच आहे!" मी म्हणाले. "वाटीचमचा आणा. मी दाखवते."

मी दाखवलं. प्रज्ञाने हाताने काढलेलं दूध वाटीत, वाटी ओल्या फडक्यात, लेकरू उभं धरलेलं, चमचा खालच्या ओठाला टेकवलेला. अगदी चित्रातल्यासारखं. सम्यकने दोन चमचे तोंडात घेतले, विचार केला, आणि माझ्या ओढणीवर फुर्र करून उडवले.

"चित्राले भूक लागते का?" काकाजी म्हणाले. प्रसंग पाहून त्यांनी वाक्य बदललं होतं.

आणि मग त्यांनी ती गोष्ट केली, जी फुलचूरमध्ये अजून सांगतात.

गाईचं वासरू मेलं की ती पान्हा चोरते. मग गवळी त्या वासराच्या कातड्यात भुसा भरून तिच्यापुढे उभं करतात. ती त्याला चाटते, पान्हा सोडते. काकाजींनी हे उलटं केलं. वासराचं सोंग करतात, तर आईचं का नाही? घरातला मोठा लोड भिंतीशी उभा केला, त्याला प्रज्ञाची अंगावरची, न धुतलेली साडी नेसवली, पदर घेतला, उशांचे दोन हात केले आणि पदराआड बरोबर जागेवर बाटली बांधली. वर घागर पालथी ठेवून तिला कुंकू लावायला निघाले होते. प्रज्ञा म्हणाली, मामाजी, मी कुठं लावते? मग ते राहिलं.

खऱ्या प्रज्ञाचा वास त्याला येऊ नये म्हणून तिला माझ्या खोलीत पिटाळलं. दारात आयाबाया गोळा झाल्या. काकाजींनी सम्यकला लोडाच्या कुशीत ठेवलं आणि लोडाला अदबीने म्हणाले, "घे वं सुनबाई. पाज."

सम्यकने लोडाकडे पाहिलं. साडी हुंगली. घागरीकडे पाहून खदखदून हसला. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मग त्याने पदरात तोंड घातलं, बाटलीला ओठ लागले आणि तो असा रडला, असा रडला, की माझ्या खोलीत प्रज्ञाचं पोलकं भिजलं आणि ती तशीच पळत आली. तिने त्याला उचललं. तो हुंदके देत प्यायला लागला. सगळे निघून गेले. काकाजी लोडाची साडी सोडत बसले, हळूहळू, निऱ्या न चुरगाळता.

"मामाजी, राहू द्या," प्रज्ञा म्हणाली. "मी सरांना फोन करून नाही म्हणते."

काकाजींनी साडीची नीट घडी घातली.

सोमवारी त्यांनी तिला जवळजवळ ढकलूनच सकाळच्या बसमध्ये बसवलं. "तू जाय. मी पाहतो." पाहायला मीही रजा टाकून थांबले होते. फडक्यात वाटी तयार होती. सम्यकने एकदा झोप काढली, एकदा चार चमचे घेतले. मला वाटलं, जिंकलो. मग त्याला कळलं की आज आई शेजारच्या खोलीतसुद्धा नाही. रडून त्याचा आवाज बसला. मी वाटी पुढे केली, काकाजींनी बोट पुढे केलं, मुरलेली चुसनी पुढे केली. त्याने सगळ्यांकडे पाठ फिरवली.

काकाजी उठले. दुपट्यात नातू गुंडाळला, खुंटीवरची पिशवी घेतली.

"कुठं निघालात?"

"त्याच्या मायकडे."

"काकाजी, तिकडे बसने जावं लागतं."

"मले मालूम हाये वं," ते चिडून म्हणाले. "तू येऊन राहिली का पर्चे मोजत बसतं?"

बसमध्ये ते पुढून तिसऱ्या बाकावर गेले आणि खिडकी सोडून बसले. मी आत सरकायला लागले तर त्यांनी आडवा हात धरला. "तिथं नोको." मी मागे बसले. बस हलली. त्यांचा चेहरा पांढरा पडला, मान ताठ झाली. कपाळावर घाम आला. मी घाईने पिशवीतलं फडकं काढलं. तेवढ्यात त्यांनी गळ्यातली चुसनी घेतली आणि सरळ स्वतःच्या तोंडात घातली.

बस हसली. कंडक्टर तिकीट फाडायचं विसरला. एक बाई म्हणाली, "अवं माय, नातवाले नाही अन् आज्याले!" काकाजी डोळे मिटून चोखत राहिले. आणि सम्यक रडायचा थांबला. आजोबाच्या तोंडात ती वस्तू पाहून त्याचे डोळे एवढाले झाले. तिला ओढायला त्याने हात लांब केला, निसटली, पुन्हा धरली. तिरोड्यापर्यंत दोघांचा हाच उद्योग चालला.

तिरोड्याला बस थांबली तेव्हा काकाजींनी चुसनी काढली. न विचारताच, पुढे बघत बोलले, "दर साली दसऱ्याले नागपूरले जावो आम्ही. खिडकी तिची. हवा लागते म्हणे. गयाबाई गेल्यावर एकदा बसलो. कोणी एक माणूस येऊन बसला तिथं. भला माणूस होता. मी तिरोड्यालेच उतरून गेलो." मग चुसनी परत तोंडात.

उलटी त्यांना कधीच होत नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

शाळेच्या मधल्या सुट्टीत प्रज्ञाने आम्हाला कुंपणाबाहेर पाहिलं आणि ती धावत आली. वर्गामागच्या भिंतीशी तिने लेकरू घेतलं. काकाजी पाठ करून पलीकडच्या तलावाच्या पाण्याकडे बघत उभे राहिले, कोणी येत नाही ना याची राखण करत. सर आले, तोंड उघडलं. काकाजी म्हणाले, "लेकरू वर्गात नाही आणलं, सर. भाईर हाये. मीबी भाईर हाये. रोजच राहीन." सरांनी तोंड मिटलं.

यावर मला खूप काही लिहायचं होतं. एका म्हाताऱ्याने रोज तासन्‌तास बसमध्ये अंग मोडावं आणि शाळेच्या कुंपणाबाहेर दिवस काढावा, तेव्हा कुठे एका बाईची नोकरी आणि एका पोराचं दूध टिकावं, ही सोय नव्हे, ही लाज आहे. पुढचा पर्चा त्यावरच काढला. त्यातही लोकांनी भजी बांधली असतील.

पण त्या संध्याकाळची परतीची बस मात्र पर्च्यात नव्हती. पुढून तिसरा बाक रिकामा मिळाला. काकाजी उभेच राहिले. एकदा खिडकीकडे पाहिलं, मग बाजूला सरकून प्रज्ञाला वाट दिली. "बस तिथं. पोराले हवा लागते."

प्रज्ञाला काही ठाऊक नव्हतं. ती बसली, पदर घेतला, सम्यक प्यायला लागला. काकाजी तिच्या शेजारी टेकले. बस हलली, आणि त्यांनी सवयीने चुसनी तोंडाशी नेली. मग थांबले. हुंगून पाहिली, सोग्याला पुसली आणि गळ्यात सोडून दिली.

"मुरली," ते म्हणाले.