तीन नंबरचा पंप

मी खरेदीत फसत नाही. माणसांच्या बाबतीत फसतो, हवामानाच्या बाबतीत फसतो, एकदा तर स्वतःच्याच घराच्या जिन्यावर फसून एक मजला जास्त चढलो होतो. पण खरेदीत नाही! साधा टॉवेल घ्यायचा तरी मी आठवडाभर अभ्यास करतो. तोपर्यंत घरचे लोक ओलेच राहतात, पण टॉवेल मात्र उत्तम येतो.

त्यामुळे सलग तीन आठवडे पाऊस थांबेना आणि मी त्याच औषधाच्या दुकानासमोर, त्याच वळणावर तिसऱ्यांदा सायकलसकट आडवा झालो (दुकानदार आता मला लांबून बघूनच कापूस काढून ठेवायचा), तेव्हा मी ठरवलं की सराव घरात करायचा. दोनशे किलोमीटरची शर्यत सात आठवड्यांवर होती. गेल्या वर्षी मी ती पूर्ण केली तेव्हा शेवटची रेघसुद्धा गुंडाळून नेली होती. टेम्पोत खुर्च्या भरणारा एक माणूस तेवढा हजर होता. त्याने हातातली खुर्ची खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. एवढा अपमान माझा आजवर कोणी केलेला नाही.

मी अकरा दिवस अभ्यास केला. घरात सायकल चालवायची तीन साधनं असतात. एक म्हणजे रोलर. तीन मोठ्या लाटण्यांवर सायकल ठेवायची, चालवायची आणि मरायचं नाही. दुसरं, मागचं चाक एका लोखंडी रुळावर दाबून बसवायचा स्टँड. तिसरं, मागचं चाक काढूनच टाकायचं आणि उरलेली सायकल थेट यंत्रावर चढवायची. हे तिसरं घ्यायला सायकलीपेक्षा महाग पडतं, त्यामुळे त्याचा अभ्यास लवकर संपला.

माझी अट एकच होती: आवाज नको!

कारण आमच्या खाली ऑपरेटरकाका राहतात. पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर चौतीस वर्षं ऑपरेटर होते. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना घरी न्या म्हणून सांगितलं. एका विशिष्ट आवाजात 'घरी न्या' म्हणतात ना, त्या आवाजात. मुलगा बोटीवर नोकरीला, कुठल्याही किनाऱ्यापासून दहा दिवस लांब. त्यामुळे सगळं करायला एकट्या वहिनी, म्हणजे काकांची सून. काकांना झोप लागत नव्हती. गोळ्या घेऊनही लागत नव्हती. ते रात्रंदिवस छताकडे बघत पडून असत, आणि त्यांचं छत म्हणजे आमची फरशी. आई आम्हाला घरात मोजे घालून चालायला लावायची. मी शिंकायला गच्चीवर जायचो.

सायकलच्या दुकानदाराने रुळाचा स्टँड दाखवला. "एकदम सायलेंट, साहेब!"

मी बसलो. चालवला. खरोखर काही ऐकू आलं नाही. लगेच घेतला. दुकानासमोर रस्ता फोडायचं मशीन चालू होतं ही गोष्ट मला घरी आल्यावर आठवली.

पहिलं पॅडल मारलं आणि दाताच्या डॉक्टरने हत्तीची अक्कलदाढ कोरायला घ्यावी तसा आवाज सुरू झाला. कपाटातल्या काचा वाजायला लागल्या. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"अरे, खाली माणूस शेवटच्या घटका मोजतोय आणि तू वर गिरणी घातलीस?"

"आई, हा सायलेंट आहे."

"काय?"

"सायलेंट!"

"काय??"

मी थांबलो. मिनिटभरात दारावर थाप पडली. दारात वहिनी, डोळ्यांत पाणी.

आता माफी मागणं हा माझा धंदाच आहे. मी घरी बसून एका कंपनीच्या वतीने गिऱ्हाइकांची माफी मागतो, दिवसाला साधारण नव्वद वेळा. मी तयारीनेच सुरुवात केली. "वहिनी, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर..."

"बंद का केलंत?"

"आँ?"

"भाऊजी, झोपले होते हो! अकरा दिवसांत पहिल्यांदा डोळा लागला होता. बंद झाला तसे उठले. विचारतायत, पंप कोणी बंद केला?"

मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. मग ज्या बाईने आयुष्यभर मला सायकलवरून उतर म्हणून सांगितलं, ती म्हणाली, "चढ!"

तिथून पुढे माझा सराव कुणाच्याही प्रशिक्षकाने करून घेतला नसेल इतक्या शिस्तीत सुरू झाला. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. समोर लॅपटॉप ठेवून मी पॅडल मारता मारता माफ्या मागायचो. माझ्या पत्रांत एकदम कळकळ आली आहे असं साहेबांनी कळवलं. तो दम होता.

अडचण एवढीच होती की काका पडल्या पडल्या माझ्यावर देखरेख करत होते. शर्यतीच्या सरावात मधेच जोर लावायचा, मधेच सोडायचा असतो. मी जोर लावला की वहिनींचा फोन.

"भाऊजी, काका म्हणतायत, व्हॉल्व्हशी कोण गाढव खेळतंय?"

"सांगा, मीच."

"ते म्हणतात, एकसारखा चालव, खालच्या भागातल्या लायनी फुटतील." मग थोडं थांबून, "आणि प्रेशर किती आहे ते विचारतायत."

"किती पाहिजे?"

"ते सांगत नाहीत. म्हणतात, ऑपरेटरला माहीत असतं."

मी हँडलवरच्या घड्याळात बघितलं. छातीचे ठोके दिसत होते. "एकशे बेचाळीस!"

मग वहिनींचा दबलेला आवाज, "भाऊजी, ते म्हणतात सगळ्यांनी बाहेर पळा!"

शेवटी आम्ही 'चार पॉइंट दोन' वर तडजोड केली. कधीही विचारलं तरी चार पॉइंट दोन. मी एकाच वेगात, एकाच तालात, दिवसाला चार तास कुठेही न जाता शहराला पाणी पाजत होतो. काका दोन घास जेवायला लागले. वहिनींनी कितीतरी दिवसांनी केस विंचरलेले दिसले.

आणि नवव्या दिवशी टायर फुटला!

रुळाच्या स्टँडवर टायर झिजतो, हे माझ्या अकरा दिवसांच्या अभ्यासात पान चारवर होतं. बंद खोलीत तो आवाज असा झाला की माझा एक कान सुटीवरच गेला. खालून वहिनींची किंकाळी ऐकू आली. मी तसाच धावलो.

दोन महिने कुशीवर न वळलेले ऑपरेटरकाका जिन्यात उभे होते! अंगात बनियन, एका हातात कठडा, दुसऱ्या हातात पाना. छाती भात्यासारखी हलत होती. मागून वहिनींनी त्यांना कमरेला धरलं होतं.

"मेन लाईन फुटली," काका म्हणाले. मग त्यांनी मला नीट बघितलं. घट्ट काळी चड्डी, पिवळाजर्द बनियन, कपाळाला पट्टी. "तू कोण?"

"सेकंड शिफ्ट, काका."

"हे काय घातलंयस?"

"नवा युनिफॉर्म आलाय."

काकांनी डोळे मिटले. "डिपार्टमेंट बुडालं," ते म्हणाले आणि पाय दुमडून खाली बसले ते उठलेच नाहीत. आम्ही दोघांनी त्यांना उचलून आत नेलं. ते माझ्या सायकलपेक्षा फार जड लागले नाहीत. हे मला अजिबात आवडलं नाही.

डॉक्टर येऊन गेले. पुन्हा असा धक्का बसला तर माणूस हातचा जाईल, म्हणाले. झोप मात्र मिळायलाच हवी. थोडक्यात, असं यंत्र आणायचं जे फुटणार नाही, थांबणार नाही आणि पंपासारखं वाजेल. अशी अट घालून सायकलच्या दुकानात शिरणारा मी बहुधा पहिलाच.

"आणखी सायलेंट दाखवू?" दुकानदार म्हणाला.

"नको. आवाजवाला दाखवा."

"किती आवाज?"

"थांबा, विचारतो." मी वहिनींना फोन लावला. त्यांनी फोन काकांच्या उशीवर ठेवला. "हं, चालवा एकेक!"

दुकानदाराने आधी रोलर फिरवले. फोनमधून काकांचा क्षीण आवाज आला, "फाउंडेशनचे बोल्ट ढिले आहेत. बंद कर."

दुकानदार चपापला. "हे कोण साहेब?"

"तज्ज्ञ आहेत. पुढचा."

त्याने ते चाक काढून चढवायचं महागडं यंत्र लावलं. दुकानात पाल चुकचुकली असती तरी ऐकू आली असती. खूप वेळाने काका म्हणाले, "चालू कर की."

"चालूच आहे, काका."

"मोटर फिरते आणि पाणी नाही. विहीर आटली." त्यांचा आवाज कापायला लागला. "लोकांना काय सांगायचं? लोक हंडे घेऊन उभे असतील."

"बंद करा, बंद करा!" मी ओरडलो. दुकानदाराने घाबरून वायरच उपटली.

अशी सात यंत्रं झाली. एकाचं सक्शन गळत होतं, एकाला ग्रीस नव्हतं, एक तर काकांच्या मते पंपच नव्हता, कुणीतरी रिकामा ट्रक चालवत होतं. शेवटी दुकानदार हळूच मागच्या खोलीत गेला आणि ताडपत्रीखालची एक व्यायामाची सायकल ढकलत घेऊन आला. पुढच्या चाकाच्या जागी जाळीत बसवलेला हा मोठा पंखा. एक पातं वाकडं. दर फेऱ्याला ते जाळीला घासायचं. घुर्रर्र-टक्. घुर्रर्र-टक्.

"ही तीन वेळा परत आलीय," तो खाली मान घालून म्हणाला.

मी फोन जाळीजवळ धरला. घुर्रर्र-टक्. पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, संपलं. आता वहिनी रडतील.

मग काका म्हणाले, "आला का तीन नंबर?"

"हो काका."

"त्याचं कपलिंग पहिल्यापासून असंच वाजतं. वरपर्यंत लिहून थकलो. कोणी बघत नाही." आणि पाठोपाठ घोरणं सुरू झालं! फोनवर! दुकानात!

दुकानदाराने हळूच विचारलं, "ते पातं सरळ करून देऊ का?"

"हात लावलात तर याद राखा," मी म्हणालो.

त्या यंत्रावर शर्यतीची तयारी करणं म्हणजे खुर्चीत बसून पोहायला शिकणं. सीट विटेसारखी, पंख्याचा वारा थेट नाकात. मला कायमची सर्दी झाली. पण काका झोपत होते. जागे झाले की 'प्रेशर?' विचारत, 'चार पॉइंट दोन' ऐकत आणि परत झोपत. मधलं जागेपण मात्र रोज थोडं आखूड होत गेलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, नवऱ्याला लवकर येता येईल का. वहिनी नाही म्हणाल्या. डॉक्टरांनी परत विचारलं नाही.

संध्याकाळी वहिनी वर आल्या. "भाऊजी, उद्या तुम्ही जा हं. किती दिवस कोणी कोणासाठी करायचं."

"बघू," मी म्हणालो, म्हणजे जाणारच होतो. पाठीला लावायचा नंबरसुद्धा टाचून ठेवला होता.

सकाळी सहाला बाहेर लख्ख ऊन! दहा आठवड्यांत पहिल्यांदा. सायकल खांद्यावर घेऊन मी जिना उतरत होतो. काकांचं दार उघडं होतं.

"आज ड्यूटी कोणाची?" काकांचा आवाज. आवाज कसला, वाराच.

"येतील हं, बाबा," वहिनी म्हणाल्या. "उशीर झाला असेल."

मी तिथेच जरा वेळ उभा राहिलो. मग सायकल जिन्यात टेकवली आणि वर परत आलो. आईने पाण्याची बाटली पंख्याशेजारी आणून ठेवली.

साडेसहाला तीन नंबर सुरू केला. सात, आठ, नऊ, दहा. प्रेशर विचारणारा फोन आला नाही, म्हणजे काका गाढ झोपले असणार! मी खूश होऊन आणखी दामटला. साडेअकराला मांड्यांनी सपशेल राजीनामा दिला तेव्हा उतरलो आणि भिंत धरत धरत खाली गेलो.

वहिनी खुर्चीत बसल्या बसल्या, पलंगाच्या कडेवर डोकं टेकवून झोपल्या होत्या. काकांचं तोंड जरा उघडं होतं, कुणाची तरी चूक काढायला सुरुवात करावी तसं. चादर हनुवटीपर्यंत नीट ओढलेली होती. फार नीट.

वहिनी दचकून उठल्या. "बंद का केलंत?"

"वहिनी... काका..."

"नऊ वाजता गेले."

"नऊ? साडेअकरा वाजलेत!"

"वर सांगायला येणार होते." त्यांनी काकांच्या हातावरची चादर सारखी केली. "पण मग तुम्ही बंद केला असता. म्हटलं, पाच मिनिटं बसू. तेवढ्यात माझाच डोळा लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा."

मी पलंगाच्या पायथ्याशी टेकलो.

"आता डॉक्टर, बोटीवर फोन, माणसं, सगळं सुरू होईल," त्या म्हणाल्या. "भाऊजी, जरा वेळ अजून चालवाल?"

मी वर गेलो. परत त्या विटेवर बसलो. घुर्रर्र-टक्. घुर्रर्र-टक्. आई शेजारी स्टूल घेऊन बसली. मी तिला सांगितलं. तिने पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग माझं तोंड.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. खालून हूं नाही की चूं नाही.

"अरे," आई हळूच म्हणाली, "थांबायचं कधी?"

ते विचारायचंच राहिलं होतं! आणि खाली जाऊन विचारायचं, तर त्यासाठी आधी थांबावं लागणार होतं.