शेवटच्या रांगेतला टिंगू

आठवी ब च्या वर्गाचा फोटो साडेदहाला होता आणि टिंगू सकाळी सहापासून तयार होता. तयार म्हणजे, पलंगाच्या कडेवर पाय आपटून झाला होता, न्हाणीघराच्या चौकटीला कपाळ भिडवून झालं होतं आणि चहाच्या कपाकडे नेलेला हात चार बोटं पुढे जाऊन साखरेच्या डब्यात शिरला होता. गेल्या दहा महिन्यांत तो असा काही ताडमाड वाढला होता, की आपला हात नक्की कुठपर्यंत जातो हे त्याचं त्यालाच ठाऊक नसे.

"अरे, जरा बघून चाल!" आई ओरडली.

"बघूनच चालतो गं. पाय आधी पोचतात."

वाढत्या अंगाची म्हणून घेतलेली पँट सहा महिन्यांत नडगीपर्यंत चढली होती. त्याने सरळ बाबांची पँट पट्ट्याने आवळून घातली. आज त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. पहिलीपासून सातवीपर्यंत, वर्गातला सर्वांत बुटका म्हणून, दर फोटोत पुढे मांडी घालून त्यानेच वर्गाच्या नावाची पाटी धरली होती. सातही फोटोंत पाटी ठळक आणि हा नाकापासून वर. आज मात्र तो शेवटच्या रांगेत, बाकावर, थोराड मुलांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणार होता. आनंद नुसता उतू चालला होता.

पटांगणात वर्गशिक्षक यादीत डोकं घालून म्हणाले, "टिंगू, पाटी घे."

"सर, मी इकडे आहे. वर."

सरांनी मान वर केली. मग आणखी वर केली. "अरेच्चा! हे कधी झालं? बरं, चढ बाकावर."

पाटी एका छोट्या मुलीकडे गेली आणि टिंगू दोघांच्या पायांवर पाय देत बाकावर चढला. फोटोग्राफरने कॅमेऱ्याला डोळा लावला.

"त्या उंच पोराचं डोकं मावत नाहीये."

"मग तुम्ही मागे सरका," पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून हेडबाई म्हणाल्या.

"मागे भिंत आहे, बाई."

टिंगूला खाली उतरवून पाहिलं, तर रांगेत भलतीच फट दिसायला लागली. सर वैतागले. "जाऊ दे, त्याला पुढेच बसवू."

टिंगूने बाकाची कड घट्ट धरली. "नको सर! मी वर चढून गुडघे वाकवतो. थोडेसेच!"

थोडेसेच वाकवायचे होते, पण ते गुडघे त्याचं कधी ऐकत होते? ते थेट समोरच्या मुलीच्या पाठीत गेले. ती हेडबाईंच्या खुर्चीवर आदळली आणि खुर्ची कलंडून बाई पाटी धरलेल्या त्या छोट्या मुलीशेजारी जमिनीवर येऊन बसल्या. घाबरून टिंगू ताठ झाला आणि तोल सावरायला त्याने दोन्ही हात पसरले. हात गेल्या वर्षीचे असते तर काही बिघडलं नसतं. या हातांनी डावीकडचे दोघे आणि उजवीकडचे तिघे बाकावरून खाली ढकलले, ते मधल्या रांगेवर पडले आणि मधली रांग सरांवर. फोटोग्राफर दचकला, कॅमेरा वर उचलला गेला आणि त्याच क्षणी बोट बटणावर दाबलं गेलं.

नशिबाने कुणाला खरचटलंही नाही. हेडबाई धूळ झटकत उठल्या. "हा मुलगा मला डोळ्यांसमोर हवा. पाटी द्या त्याला!"

टिंगू पुन्हा मांडी घालून पुढे बसला. त्याने पाटी धरली, पण गुडघेच एवढे वर आले की तिच्यावरचा फक्त 'ब' दिसत राहिला. त्याला रडू फुटत होतं. ते त्याने कसंबसं गिळलं.

चार दिवसांनी हेडबाईंनी त्याला ऑफिसात बोलावलं आणि टेबलावर एक फोटो सरकवला. अख्खा वर्ग आडवा, सर आडवे, आणि वर बाकावर एकटा टिंगू, हात पसरून, कुस्ती मारल्यासारखा. कॅमेरा वर उचलला गेल्यामुळे डोकंसुद्धा केसांसकट आलं होतं.

"लाज वाटते का काही?"

"हो बाई," तो म्हणाला. पण फोटोवरून त्याची नजर हटेना.

"हा शाळेच्या भिंतीवर लागणार नाही. एक प्रत तू घेऊन जा." बाईंनी दुसरी प्रत हळूच पर्समध्ये टाकली. "नोकरीला तीस वर्षं झाली, इतकी खदखदून हसताना मी दुसऱ्या एकाही फोटोत नाही. जा आता. आणि डोकं सांभाळ!"

त्याने डोकं सांभाळलं. कोपर दाराशेजारच्या घंटेच्या बटणावर पडलं आणि मधली सुट्टी वीस मिनिटं आधी झाली.

घरी येताच त्याने हातोडी घेतली.

"थांब, स्टूल देतो," बाबा म्हणाले.

"लागत नाही!"

आणि काय आश्चर्य, बोटाला न लागता खिळा पहिल्या फटक्यात भिंतीत बसला. टिंगूने फोटो बरोब्बर आपल्या डोळ्यांसमोर येईल असा टांगला आणि मनसोक्त बघून घेतला.

"बघू बघू, कसा आलाय माझा टिंगू," म्हणत आई पुढे झाली. तिने टाचा उंचावल्या, मान ताणली, मग बाबांकडे वळली.

"अहो, ते स्टूल आणा. आपल्याला लागेल."