तुळशीरामकाकांचा तिसरा अंक

आमच्या गल्लीतल्या तुळशीरामकाकांनी उन्हाळी महोत्सवातलं एकही नाटक चुकवलं नाही आणि एकाही नाटकाचा शेवट पाहिला नाही. दुसऱ्या अंकाचा पडदा पडला की काका उठायचे, खाकी सदरा झटकायचे आणि लोकांच्या पायांवरून वाट काढत मांडवाबाहेर पडायचे. एसटीत जन्मभर कंडक्टर होते. कुणी हटकलंच तर म्हणायचे, "शेवटच्या थांब्यावर काय बघायचं हाय? लोक उतरतेत अन् घरला जातेत."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. मी नांदेडहून बदली होऊन नव्या कचेरीत आलो होतो. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्याकोऱ्या होत्या, नळ मात्र जुनेच आणि कोरडे. अशा दुष्काळातही गावातल्या हौशी मंडळींनी शाळेच्या मैदानावर जुन्या नाटकांचा महोत्सव भरवायचं सोडलं नव्हतं. ऊन कललं की मांडव भरायला लागायचा. काका सगळ्यांच्या आधी तिथं हजर. पण स्वतः बसायचे नाहीत, उभे राहून लोकांना बसवायचे. "आत सरका, आत सरका, पुढं लई जागा हाय!" समस्त गल्ली नीट बसली की स्वतःशीच "डबल!" म्हणायचे आणि मग टेकायचे. दोनदा घंटी मारली की गाडी सोडायची, ही सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

शेवट पाहिलेला नसला तरी जुन्या नाटकांवर काकांशी वाद घालायची सोय नव्हती. त्यांचं ठाम मत होतं की जुन्या नाटकांत शेवटी सगळं चांगलंच होतं. "आताची नाटकं रडकी. जुन्यात कुणी मरत न्हाई, साहेब. ताटातूट व्हती, पण भेट व्हतीच." शेवटी माणसं मरणारी दोन-तीन नाटकं मी समोर ठेवली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं विनातिकीट माणसाकडे पाहावं. "तुमी झोपले असताल."

गल्लीतल्या आम्हा पुरुषांचा समज असा की काका पाण्यासाठी पळतात. नळाला पाणी यायची आणि तिसरा अंक सुरू व्हायची वेळ एकच होती. एवढा नाटकवेडा माणूस आपल्या एका घागरीसाठी नाटक अर्धं टाकतो, यावर आम्ही पारावर बसून यथेच्छ हसून घेत होतो.

एकदा पोरगं रडायला लागलं म्हणून मी त्याला घेऊन लवकर घरी निघालो. गल्लीच्या तोंडाशी नळ. आमच्याकडे नळाला माणसं उभी राहत नसत, भांडी उभी राहत. घागर, कळशी, तेलाचा डबा, जे असेल ते रांगेत ठेवून बाया कामाला जायच्या. मात्र पाळी आली आणि भांड्याचं माणूस हजर नसलं, तर भांडं मागं जायचं. त्या दिवशी भांडी होती, माणूस एकच. तुळशीरामकाका बाह्या सारून एकेक भांडं भरत होते आणि भांड्यांशी बोलत होते. "चला, शेवाळेकाकूची कळशी, पुढं सरका. डबा, तू मागं. म्हातारी घागर आधी."

बायको नाटक संपवून घरी आल्यावर मी ही थोर बातमी तिला सांगितली. तिनं चपला काढता काढता ऐकून घेतली.

"तुमाला आज कळलं? गल्लीतल्या समद्या बायांना ठावकी हाय. म्हणून तं आमी शेवटपर्यंत बसून राहतो. तुमा पुरुषांना वाटतंय, पाणी घागरीत आपोआप येतं."

मग मला तेही कळलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या ओट्यावर बाया का जमतात. काका चहा करायचे, ग्लास मांडायचे आणि म्हणायचे, "काढा तिकीट." तिकीट म्हणजे कालच्या नाटकाचा शेवट. तो सांगितला की चहा.

मला फार भरून आलं, आणि भरून आलं की मी काहीतरी आयोजन करतो. कचेरीतली सवय. महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी गल्लीतल्या पुरुषांनी पाणी भरायचं आणि काकांना शेवट दाखवायचा, असा बेत मी ठरवला. पुरुष कबूल झाले. काकांना धरून ठेवायचं काम माझ्याकडे. बायकोला मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, तिलाही चकित करू.

नाटक होतं राजानं घालवून दिलेल्या राणीचं. दुसऱ्या अंकानंतर काका उठले. मी सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

"साहेब, नळ!"

"बंदोबस्त झालाय काका. आज शेवटच्या थांब्यापर्यंत तिकीट."

पलीकडे बायांच्या रांगेत चुळबूळ सुरू झाली. आमची बायको डोळे मोठे करून हातवारे करत होती. पोर झोपलं का, असं विचारत असेल, म्हणून मी मान डोलावली.

तिसऱ्या अंकात राणी लेकराला घेऊन राजवाड्याच्या दारात आली. दार वाजवलं, हाका मारल्या. दार उघडलं नाही. राणीनं उंबऱ्यावरच प्राण सोडला आणि पडदा पडला. मांडवात टाळ्या कडाडल्या. काका बसूनच राहिले. समोरच्या रिकाम्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "डबल" म्हणाले नाहीत.

वाटेत बायको माझ्यावर उखडली. "काय करून बसलात? म्या खुणा करून राहिले, अन् तुमी मान हालवता! पहिला महोत्सव झाला त्या उन्हाळ्यात काकू गेल्या हो त्यांच्या. नुकतंच घर रिकामं झालेल्या माणसाला नाटकातली बाई मेली म्हणून कसं सांगायचं? शेवाळेकाकूनं शेवट सांगताना वाचवली तिला. मग दरसाल बाया समद्यांना वाचवत गेल्या, यंदा मी बी."

नळाशी गल्लीतले पुरुष कुणाची घागर कुणाच्या घरी गेली यावर भांडत होते.

सकाळी काकांनी ओटा झाडला. चहा केला, ग्लास मांडले. एकही बाई आली नाही. आपापल्या दारांतून सगळ्या बघत होत्या, पण इतक्या वर्षांचं खोटं उघडं पडल्यावर तोंड कसं दाखवायचं? काका ग्लास पुसत होते. पुसून झाले की पुन्हा पुसत होते. मला ते पाहवेना.

बायकोनं तव्यावरची भाकरी तशीच उतरवली, पदरानं हात पुसले आणि सरळ ओट्यावर गेली. पोराला घेऊन मीही मागोमाग गेलो.

"काका, काल पोरगं रडलं. म्या बाहेर गेले. शेवट ऱ्हायला बगा माझा. काय झालं राणीचं?"

काल ती काकांच्या डोळ्यांसमोर, बायांच्या रांगेत, पदराला डोळे पुसत बसलेली होती. पोरगं माझ्या मांडीवर गाढ झोपलेलं होतं. काकांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दारादारांत उभ्या असलेल्या बायांकडे पाहिलं. हातातला ग्लास खाली ठेवला.

"काय व्हायचं हाय? दार उघडलं की. राजा स्वतः उघडायला आला. लई रडला. राणी आत गेली, लेकरू आत गेलं." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "का साहेब, तुमी तं बाजूलाच व्हते."

"हाव काका," मी म्हणालो. "उघडलं दार."

पलीकडून शेवाळेकाकू निघाल्या, त्यांच्या मागं बाकीच्या बाया. त्यांचाही शेवट राहिला होता म्हणे. काका उभे राहिले.

"आत सरका, आत सरका. पुढं लई जागा हाय."

सगळ्या बसल्यावर ते चहा ओतू लागले आणि हळूच म्हणाले, "डबल."