वापरात असलेली गाडी

खडूसाहेबांनी वाकून गाडीच्या पुढच्या चाकावर पांढरी रेघ ओढली, तीच रेघ खाली फरशीवर आणली आणि कंबर धरून उभे राहिले. कोणी कुठे गाडी लावली, कोणाच्या अंगणात काय साठवलंय, हे बघत दिवसभर उन्हातान्हात फिरणं ही त्यांची नोकरी. खिशात कायम खडू, म्हणून खडूसाहेब. पाठीमागे लोक तेच नाव जरा तोडून म्हणत, ‘खडूस साहेब’. एका ‘स’चा काय तो फरक. स्मशानातून परतणाऱ्यांच्या गाड्यांनाही त्यांनी एकदा पावत्या फाडल्या होत्या, असं सांगत.

“राहत्या घराच्या पुढच्या अंगणात बंद गाडी ठेवता येत नाही,” ते म्हणाले. “महिन्याने येईन. रेघेला रेघ जुळलेली दिसली, की गाडी उचलणार.”

“गाडी हलणार नाही,” दारातून वहिनी म्हणाल्या.

“तेच म्हणतोय मी, बाई. हलत नाही म्हणूनच हलवायची.”

दोघांच्या मधे घराचे मालक उभे होते. ते कवळ्या बनवत. पुढच्या खोलीतच त्यांचं काम चाले आणि फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. कधीही आत शिरा, पंचवीसएक जण एकदम हसताहेत. सगळे त्यांना कवळीवालेच म्हणत. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, दादांची. दादा जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ती लांबलचक राखाडी गाडी कव्हर पांघरून, चारही चाकांवर बसकण मारून अंगणात पडली होती.

खडूसाहेब गेल्यावर कवळीवाल्यांना मनातून हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला जाणार होता. बायकोने तर त्या जागेवर कपड्यांची दोरी मनातल्या मनात बांधूनही टाकली. प्रश्न फक्त दादांच्या मागे राहिलेल्या वहिनींचा होता. त्या जास्त बोलत नसत, पण त्यांच्या ‘नाही’पुढे आजवर घरात कोणाची डाळ शिजली नव्हती. म्हणून एका दुपारी त्या आत पडलेल्या असताना कवळीवाल्यांनी गुपचूप भंगारवाल्याला बोलावलं.

भंगारवाला कव्हरखाली शिरला. थोड्या वेळाने तो बाहेर आला आणि हात सदऱ्याला पुसत राहिला.

“आत कोण बसतं?”

“कोणी नाही. दोन वर्षांत दारसुद्धा उघडलेलं नाही.”

“दार नुसतं ओढलं तर उघडलं. बिजागरीला तेल आहे.” तो हळू आवाजात म्हणाला, “आणि ड्रायव्हरची सीट गरम आहे.”

“मग उन्हाने असेल.”

“शेजारची गार आहे.”

भंगारवाला फाटकाकडे निघालासुद्धा होता. “माणसासकट गाडी मी घेत नाही,” जाता जाता तो म्हणाला.

कवळीवाल्यांनी धीर करून स्वतः कव्हर उचललं. दादा गेल्यावर गाडी कोपऱ्यात ढकलताना त्यांनी आपल्या आखूड पायांसाठी ती सीट पुढे ओढली होती. आता ती पार मागे सरकलेली होती. ताडमाड माणसाला लागते तशी. दादा ताडमाड होते. काचेवर आतून वाफ धरली होती आणि तिच्यावर कपाळ टेकल्यासारखा एक गोल डाग होता. त्यांनी कव्हर सोडलं आणि एका पायातली चप्पल तिथेच टाकून घरात आले.

“अहो, मांजर असेल,” बायको म्हणाली.

“मांजर सीट मागे सरकवतं?”

“मग मोठं मांजर असेल.”

वहिनी पडवीत भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांची सवय तुम्हाला माहीत नाही का? दुपारी जेवले की गाडीत जाऊन बसायचे. कुठे जायचे नाहीत. नुसते बसायचे.”

एवढं बोलून त्यांनी पुढची काडी मोडली.

त्या दिवसापासून कवळीवाल्यांचं कामातलं लक्ष उडालं. खिडकीतून समोर ते कव्हर दिसे, आणि वारा पडलेला असतानाही ते मधेच फुगून बसलंसं वाटे. एका निवृत्त वकिलांना त्यांनी भलत्याच गिऱ्हाइकाचा खालचा जबडा बसवून दिला. वकिलांचं तोंड मिटेना. ते तसेच उघड्या तोंडाने रस्त्याने गेले आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण ‘काय झालं, काय झालं’ म्हणून घाबरा झाला. दुसऱ्या एका बाईंची कवळी बोलताना शीळ घालू लागली. ‘ह्या घरात काहीतरी आहे,’ असं लोक बोलू लागले, आणि दात बसवायला येणारे अंगणातून भिंतीला चिकटून चालू लागले.

कवळीवाले चातकासारखी खडूसाहेबांची वाट बघू लागले. महिना भरला आणि साहेब आले. रेघेला रेघ तंतोतंत जुळलेली होती.

“उचला, साहेब!” कवळीवाले पुढे धावले. “आत्ता उचला. मी ढकलतो.”

खडूसाहेबांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. “एवढी काय घाई आहे? घरात दुःख झालंय. माणुसकी म्हणून काही असतं की नाही?” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या रुमालाने जुनी रेघ पुसली, नवी ओढली आणि गाडीच्या टपावरून अलगद हात फिरवला.

कवळीवाले दोन पावलं मागे सरले. ज्या माणसाने स्मशानाच्या दारात पावत्या फाडल्या, त्याच्या तोंडी माणुसकी! म्हणजे गाडीतल्याने साहेबांनाही धरलं होतं.

त्यानंतर चार दिवसांनी बायको बाजारात गेली होती. दुपारची वेळ. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कवळीवाल्यांनी कवळ्या घासायचं यंत्र बंद केलं आणि त्या शांततेत त्यांना घोरणं ऐकू आलं. लांब, ओढलेलं, शेवटी गाठ मारल्यासारखं. कव्हर त्या तालावर वर-खाली होत होतं.

ते अंगणात कसे पोचले, त्यांनाच कळलं नाही. डोळ्यांत पाणी होतं. भीतीचं होतं, पण सगळंच काही भीतीचं नव्हतं.

“दादा?”

घोरणं थांबलं.

“दादा, काही राहिलंय का तुमचं? काही हवंय?”

आतून एक घोगरा आवाज म्हणाला, “पाणी.”

कवळीवाले धडपडत स्वयंपाकघरात गेले. वहिनी पेला भरून दारातच उभ्या होत्या.

“कोमट केलंय,” त्या म्हणाल्या. “घशाचा त्रास आहे त्यांना.”

“दादांना घशाचा त्रास कधी होता?”

“तुमच्या दादांचं कोण बोलतंय?”

तेवढ्यात कव्हर बाजूला झालं आणि विस्कटलेल्या केसांचे, गालावर सीटची शिवण उमटलेले खडूसाहेब बाहेर आले. ते दादांइतकेच उंच होते, हे कवळीवाल्यांच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं.

“मी नोटीस मागे घ्या म्हटलं,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “साहेब म्हणाले, नियमात बसत नाही. मी म्हटलं, मग गाडीत बसा.”

“वहिनी! अहो, मी इथे भीतीने अर्धा झालो!”

“मी खोटं एक अक्षर बोलले नाही, भाऊजी.”

खडूसाहेब खाली मान घालून पाणी पीत होते. “मला कुठेच कोणी बसा म्हणत नाही हो,” ते म्हणाले. “झाडाखाली उभा राहिलो तरी लोक खिडक्या लावून घेतात. तक्रार केलीत तर नोकरी जाईल माझी.”

कवळीवाले तक्रार करणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण वहिनी म्हणाल्या, “गाडीत कोणीतरी बसलंय, एवढं आतून जाणवलं ना, की मला दुपारी डोळा लागतो. दोन वर्षांनी लागायला लागलाय.” कवळीवाल्यांनी तोंड मिटलं.

तक्रार शेजाऱ्यांनी केली. पुढच्याच आठवड्यात भर दुपारी खडूसाहेबांचे वरचे साहेब दारात हजर झाले. कव्हरकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “ही गाडी वापरात आहे?”

गाडीतून बारीक घोरण्याचा आवाज येत होता. आता साहेब कव्हर उचलणार, की खडूसाहेबांची नोकरी गेली आणि वहिनींची गाडीही. कवळीवाल्यांनी क्षणभर डोळे मिटले.

“रोज,” ते म्हणाले.

“कोण वापरतं?”

“आमचे थोरले भाऊ. आत्ता आतच आहेत.”

“बोलवा त्यांना.”

“बोलावतो की. पण दोन वर्षांपूर्वी वारल्यापासून ते परक्या माणसासमोर येत नाहीत.”

साहेब हसायला लागले. तेवढ्यात घोरणं वाढलं. लांब, ओढलेलं, शेवटी गाठ मारल्यासारखं. साहेबांचं हसू फळीवरच्या जबड्यांसारखं जागच्या जागी थिजलं. त्यांनी कव्हरकडे पाहिलं, कवळीवाल्यांच्या गंभीर चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ‘वाहन वापरात’ असा शेरा मारला. तोही फाटकाबाहेर उभं राहून.

ते कोपऱ्यावरून दिसेनासे होताच कवळीवाल्यांनी कव्हरवर टकटक केली. “या बाहेर, साहेब. वाचलात!”

कव्हरखालून त्यांची बायको बाहेर आली. डोळे चोळत म्हणाली, “गेले का ते?”

“तू? आणि खडूसाहेब?”

“ते आज रजेवर आहेत. काल जाऊबाईंना सांगून गेले. म्हटलं, जागा रिकामी आहे, तर जरा पडावं. आत किती शांत वाटतं हो! तुमच्या यंत्राचासुद्धा त्रास होत नाही.”

कवळीवाल्यांना हसू आवरेना. “पण काय घोरलीस तू! साहेब घामाघूम झाले.”

“मी?” बायको चिडली. “उगाच काहीतरी. मला तर झोपच लागली नाही, पडल्या पडल्या तुमचं सगळं ऐकत होते. आणि लग्नाला एवढी वर्षं झाली, मी कधी घोरलेय का सांगा!”

कवळीवाल्यांनी आठवून पाहिलं. खरंच, कधीच नाही.

बायको केस बांधत घरात निघून गेली. कव्हरची एक दोरी सुटून खाली लोंबत होती. ती बांधायला कवळीवाल्यांनी हात पुढे केला, जरा थांबले, आणि दोरी तशीच मोकळी ठेवून पाय न वाजवता आत गेले.